टेबलावरची फुंकर

वाईट बातमी यंत्राने सांगायची नाही असा कायदा झाला आणि नागपुरात वृषाली ढोमणे यांना नोकरी लागली.

त्याआधी एका गृहस्थांना कामावरून काढल्याचं एका अतिशय गोड आवाजाच्या यंत्राने कळवलं होतं आणि शेवटी "आपला दिवस आनंदात जावो" असंही म्हटलं होतं. गृहस्थ कोर्टात गेले. कोर्टाने बराच विचार करून सांगितलं की दुःख पोचवणाऱ्याला निदान दुःख म्हणजे काय हे ठाऊक असावं. तेव्हापासून नामंजूर, नापास, रद्द, बाद आणि सापडलं नाही असे सगळे निरोप माणसाच्या आवाजात जाऊ लागले. चांगल्या बातम्या यंत्रांकडेच राहिल्या. त्यांच्यासाठी माणूस लावणं परवडत नसे.

वर्धा रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत हे निरोप केंद्र होतं. तिथे निरोप सांगायची एक रीत होती. आधी विचारायचं, बसला आहात का. मग, जवळ कुणी आहे का. मग, हाताशी पाणी आहे का. मग बातमी, एका वाक्यात, 'पण' न लावता. आणि मग गप्प राहायचं. या शेवटच्या पायरीवर बरेच उमेदवार गळत. वकिली शिकलेले तर सगळेच.

वृषालीताई या कामात मुरलेल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आई होती तोवर आईचं केलं, आता प्रतापनगरात एकट्या. त्यांच्या आवाजात मधेच एक बारीक चीर जाई, आणि ती नेमकी जिथे जायला हवी तिथे जाई. नापास झालेल्या मुलाच्या बापाने निकाल ऐकून "ताई, तुम्ही जेवल्या का?" असं विचारल्याचं केंद्रात अजून सांगतात.

अडचण होती ती हवेची. जुने एसी हवा गार करत आणि वीज खात. नव्या पद्धतीत हवा गार करायचीच नाही, नुसती कोरडी करायची. छतात एक जाळीदार पदार्थ बसवलेला असे, त्याच्या बारीक छिद्रांत हवेतलं बाष्प अडकून पडे. कोरड्या हवेत माणसाचा घाम उमटल्या उमटल्या उडतो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो, त्यामुळे खोली चांगली तापलेली असली तरी आत बसणाऱ्याला गार वाटतं. नागपूरकरांना हे समजावून सांगावं लागलं नाही. हा आपला कूलरच होता. फक्त कूलरमधली गवताची ओली ताटी म्हणजे कर्मचारी.

वीज निम्म्याने वाचली आणि घसे वाळले. मरणाची बातमी सांगताना खोकला यावा हे काही बरं दिसेना. तेव्हा व्यवस्थापनाने ठरवलं की प्रत्येक टेबलावर हवा ओलसर करणारा एक ह्युमिडिफायर ठेवायचा, आणि तो ज्याचा त्याने निवडायचा. व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांना काही निवडू देण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे सगळे फार गांभीर्याने कामाला लागले.

प्रकार तीन होते. पहिला पाणी थरथरवून धुकं करणारा. तो झकास दिसे, पण बोअरच्या पाण्यातला क्षार धुक्याबरोबर उडून टेबलावर पिठीसारखा बसे. पलीकडच्या टेबलावरच्या तनुजा रेवतकर यांनी तो आठवडाभर वापरून पाहिला आणि कुणीतरी त्यांच्या टेबलावर बोटाने ठिपक्यांची रांगोळी काढली. दुसरा वातीचा. पाण्यात एक जाड वात, मागे छोटा पंखा, वातीतून पाणी आपोआप हवेत जाई. ना धुकं, ना दिवा, ना आवाज. चालू आहे की बंद हे कळायला कान जवळ न्यावा लागे. तो कुणालाच नको होता. यंत्र घेतल्यासारखं वाटतच नसे.

तिसऱ्याचं नाव फुंकर. तो बनवणाऱ्या कंपनीने महिनाभर सगळ्यांना वापरायला दिला.

फुंकर माणसाचा श्वास वाचत असे. आपला उच्छ्वास बाहेर पडतो तो ओलाचिंब असतो. तो किती ओला आहे हे मोजलं की घसा किती वाळलाय ते कळतं. हे जुनं होतं. नवं होतं ते आयसोप्रीन. हा वायू आपल्या स्नायूंत साठलेला असतो. माणूस दचकला, आवळला, खुर्चीत सावरून बसला, त्याने क्षणभर श्वास धरला, की तो स्नायूंतून रक्तात उतरतो आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. चेहरा आवरता येतो, हात आवरता येतात, आयसोप्रीन आवरता येत नाही. फुंकरच्या पुढच्या बाजूला बसवलेलं नाक ते हुंगे, आणि गळा दाटून यायच्या आत टेबलावरून एक पांढरीशुभ्र फुंकर वर येऊन त्या गळ्याशी पोचे. आवाज फुटायच्या आधीच सांधला जाई.

यंत्राने काम चोख केलं. आठवडाभरात सगळ्या केंद्राचे आवाज तुपासारखे झाले. वृषालीताईंची चीर नाहीशी झाली आणि त्यांना बरं वाटलं. दुपारी तर घसा इतका मोकळा असे की कुठूनतरी माठातल्या पाण्याचा वास येतोय असा भास व्हावा. नव्या यंत्राची करामत, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

मात्र ती फुंकर सगळ्यांना दिसे, याचा विचार कंपनीने केला नव्हता.

मोठे साहेब म्हणाले की बढतीचा विषय त्यांच्या मनातही नाही, आणि त्यांच्या टेबलावर चहाच्या किटलीसारखी वाफ निघाली. एकाच्या साखरपुड्याचे पेढे वाटले जात असताना भलत्याच टेबलावर धुकं दाटलं. तनुजाबाईंचा नवरा विसरलेला चष्मा द्यायला आला तेव्हा त्यांचं यंत्र ढिम्म राहिलं, आणि टाकीत पाणी नव्हतं हे त्या पुढे कितीतरी दिवस न विचारता सांगत होत्या. कुणाच्या शब्दावर कुणाचा विश्वास राहिला नाही. माणसं एकमेकांशी बोलताना टेबलाकडे बघू लागली.

वृषालीताईंच्या शेजारच्या टेबलावर हेमराज बोरकुटे बसत. मूळचे चंद्रपूरचे, उंच, किंचित वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलणं मोजकं. दोघं डबा एकत्र उघडत. वृषालीताई त्यांना बोरकुटेजी म्हणत, ते वृषालीताईंना मॅडम म्हणत, आणि या दोन शब्दांत त्यांनी मुलीचं लग्न, आईचं आजारपण, गुडघे, भाज्यांचे भाव असं सगळं बोलून घेतलं होतं.

एका सोमवारी जेवणानंतर वृषालीताईंचा टेबलावरचा फोन वाजला. फोन शेजारच्या टेबलावरून होता.

"मॅडम, बसल्या आहात का?"

"दिसून राहिलं ना तुम्हाला, बसलेच आहे."

"जवळ कुणी आहे का?"

"तुम्ही आहात."

"हाताशी पाणी?"

वृषालीताईंनी बाटली जवळ ओढली. आता त्यांना कळेना की हसावं की घाबरावं. "आहे," त्या म्हणाल्या.

"मुलगी मला नाशिकला कायमचं बोलावून राहिली, आणि तिला महिनाअखेरीला सांगायचं आहे. तुम्ही हो म्हणाल तर मी जात नाही, आपण लग्न करू."

रीतीप्रमाणे हे एका वाक्यात बसायला हवं होतं. तेवढी चूक सोडली तर त्यांनी सगळं नीट केलं. म्हणजे सांगून गप्प राहिले.

वृषालीताईंच्या टेबलावर असा लोट उठला की पलीकडून तनुजाबाईंनी आगीची घंटा कुठे आहे ते विचारलं. त्या धुक्यातून वृषालीताईंनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. बोरकुटेंची फुंकर कोरडी ठणठणीत होती. एक धागाही वर आला नव्हता.

"विचार करते," त्या म्हणाल्या.

"हो. घाई नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा फोन घेतला. कुणाचं तरी कर्ज नामंजूर झालं होतं.

तनुजाबाईंना सांगावं लागलं नाही, धुक्यावरून त्यांनी सगळं ओळखलं होतं. प्रसाधनगृहात केस नीट करता करता त्या म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून पाहून राहिली मॅडम. तुम्ही आल्या, गेल्या, डबा उघडला, त्यांचं काही म्हणजे काही हलत नाही. माणूस चांगलाच आहे हो. पण त्यांना स्वयंपाकाला कोणी पाहिजे."

वृषालीताईंनी हसून विषय टाळला आणि दुसऱ्या दिवशी हिरवी टसरची साडी नेसून आल्या. शेजारचं यंत्र शांत. त्यांनी डब्यातली अर्धी झुणका वडी त्यांना दिली. यंत्र शांत. मग त्यांनी जरा खालच्या पातळीवर जायचं ठरवलं आणि डॉक्टरने छातीचा फोटो काढायला सांगितलाय असं खोटंच बोलल्या. बोरकुटे उठले, वैशाखाच्या भर उन्हात रस्ता ओलांडून गेले आणि ज्येष्ठमधाच्या कांड्या घेऊन आले. डोक्याला बांधलेला दुपट्टा घामाने भिजला होता. त्यांनी पुडी टेबलावर ठेवली, आणि वृषालीताईंनी पुडीकडे पाहिलंच नाही. त्या यंत्राकडे बघत होत्या. यंत्र शांत.

चांगुलपणा आहे, त्यांनी मनाशी ठरवलं. हा माणूस कुणासाठीही उन्हात जाईल. आणि या वयात कुणाच्या चांगुलपणावर संसार थाटायचा म्हणजे रोज सकाळी आभार मानत उठायचं.

शुक्रवारी सगळ्यांनी आपापल्या यंत्राची निवड सांगायची होती. कंपनीची बाई येणार होती. वृषालीताईंनी दोन्ही गोष्टी एकदमच उरकायच्या ठरवल्या. फुंकर ठेवायची आणि बोरकुटेंना नाही म्हणायचं.

शुक्रवारी सकाळचा दुसरा फोन कामठीच्या नत्थूजी वैरागडे यांना होता. वय झालं म्हणून त्यांचा गाडी चालवायचा परवाना पुढे वाढवला नव्हता. तसं पाहिलं तर लहानशी बातमी. वृषालीताईंनी विचारलं, ते बसले होते. जवळ बायको होती, पण आत, स्वयंपाकघरात. पाणी होतं.

"तुमचा परवाना वाढवलेला नाही, आजपासून तुम्हाला स्कूटर चालवता येणार नाही."

"बरं," नत्थूजी म्हणाले.

वृषालीताईंच्या टेबलावर फुंकर येऊन गेली.

"ती मागं बसते," नत्थूजी म्हणाले. "रोज संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. काम काही नसते. बाई, तुम्ही माणूस आहात ना?"

"हो, माणूसच आहे."

"तसं वाटून नाही राहिलं. आवाज कसा, गुळगुळीत येऊन राहिला. कायद्यानं माणूस पाहिजे ना?"

अशा तक्रारी त्या महिन्यात फार आल्या होत्या. वृषालीताईंनी फुंकरचं बटण बंद केलं. थोडं थांबल्या. छतातून कोरडी हवा उतरली आणि त्यांना नेहमीसारखा खोकला आला, मग आणखी एक. "माफ करा," त्या म्हणाल्या, आणि 'करा'मध्ये चीर गेली.

"हां," नत्थूजी म्हणाले, "माणूस आहे. पाणी प्या बाई." आणि त्या पाणी पिईपर्यंत ते थांबले. मग आवाज खाली करून म्हणाले, "आता तिला सांगा लागते. तुम्ही रोज सांगता. कसं सांगाचं असते?"

हे नियमात नव्हतं. वृषालीताईंनी सांगितलं. आधी बसवा. जवळ राहा. पाणी ठेवा. मग एका वाक्यात सांगा, पण-बिण लावू नका. आणि मग गप्प राहा.

"गप्प राहून काय करू?"

"ऐकायचं," वृषालीताई म्हणाल्या. "ती काहीच बोलणार नाही, तेव्हा जास्त ऐकायचं. नुसतं बरं म्हणाली, तर ते बरं कसं म्हणाली ते ऐकायचं. सगळं त्यातच असतं."

फोन ठेवला आणि त्या तशाच बसून राहिल्या. आपण काय बोललो हे त्यांना उशिरा ऐकू आलं.

इतकी वर्षं त्यांनी माणसं कानाने ओळखली होती. चेहरा दिसत नसे, टेबल दिसत नसे, श्वास हुंगायचा तर प्रश्नच नव्हता. 'बरं' कितीतरी तऱ्हांचं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आपल्या स्वतःच्या आयुष्यात जो एकच असा फोन आला, त्या वेळी त्या धूर निघतो का ते बघत बसल्या होत्या.

आता त्यांनी तो फोन आठवून ऐकला. "हाताशी पाणी?" या दोन शब्दांआधी एक आवंढा होता. 'लग्न' म्हणताना आवाज कमी झाला होता, नको म्हणून नव्हे, जड वस्तू खाली ठेवताना हात सावकाश होतो तसा. आणि "घाई नाही". घाई नसलेला माणूस 'घाई नाही' इतक्या घाईने म्हणत नाही.

त्यांनी फुंकर पुन्हा सुरू केली नाही. शेजारच्या टेबलाचा फोन लावला.

"हेमराजजी, बसला आहात का?"

शेजारी बोरकुटेंनी वळून पाहिलं नाही. नाव घेऊन त्यांना इथे आजवर कुणी हाक मारली नव्हती, पण तिकडे त्यांचं लक्ष गेलं नसावं. ही रीत कशासाठी असते हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी हळूच चष्मा काढून ठेवला.

"बसलो आहे."

"जवळ कुणी आहे का?"

"नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे, आहे."

"हाताशी पाणी?"

"आहे मॅडम. सांगून टाका."

"नाशिकला कळवा, तुम्ही येत नाही."

एक वाक्य. 'पण' नाही. आणि मग वृषालीताई गप्प राहिल्या आणि त्यांनी ऐकलं. खुर्ची करकरली. पाण्याची बाटली उचलली गेली आणि न उघडताच परत ठेवली गेली. एक श्वास आत गेला तो बाहेर यायला फार वेळ लागला. शेजारचं यंत्र कोरडं होतं की कसं हे त्यांनी पाहिलंच नाही.

"बरं," हेमराज म्हणाले.

असं 'बरं' त्यांनी या नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. कुठून ऐकणार? चांगल्या बातम्या यंत्रांकडे असत.

दुपारी कंपनीची बाई आली. गोड हसत ती टेबलाटेबलाशी जाऊन टाक्या तपासू लागली. तनुजाबाईंनी तिला थेट बोरकुटेंच्या टेबलाशी नेलं, कारण सकाळपासून वृषालीताई खोकत होत्या आणि हसत होत्या आणि त्यांचं यंत्र बंद होतं, म्हणजे त्यांच्या टेबलावरून काही पुरावा मिळणार नव्हता. बाईने टाकीचं झाकण काढलं, आत दोन बोटं घातली आणि एक ओली, तपकिरी मुळ्यांची जुडी बाहेर काढली. माठातल्या पाण्याचा वास सगळ्या मजल्यावर पसरला.

"हे काय आहे?" तिने विचारलं. ती बंगलोरची होती.

"वाळा," सगळे एकदम म्हणाले.

हेमराजजी कानापर्यंत लाल झाले. पाणी साठवायचं भांडं दिसलं की त्यात वाळा टाकायचा, हे नागपुरात कुणाला चूक वाटलं नसतं, पण त्यांचं कारण वेगळं होतं. ते कंपनीच्या बाईला न सांगता त्यांनी वृषालीताईंना सांगितलं. "तुम्ही डबा खाताना म्हणाल्या होत्या. आई माठात वाळा घालायची तेव्हा घसा मोकळा राहायचा म्हणून. मागच्या उन्हाळ्यात."

"म्हणून तुम्ही तुमच्या यंत्रात घातला?"

"तुमच्यात कसा घालणार? परवानगी लागते." त्यांनी छताकडे बोट केलं. "छतातलं वारं इकडून तिकडे जाते."

कंपनीच्या बाईने समजावून सांगितलं की वाळ्याच्या तेलाचा थर नाकावर बसला की यंत्राला दुसरं काही हुंगता येत नाही, हे यंत्र पहिल्या दिवसापासून आंधळं आहे, आणि याची वॉरंटी गेली. पण काळजी नको, तिच्या पिशवीत नवं नाक होतं. दोन मिनिटांत बसवून देते, मग या साहेबांचं सगळं अगदी स्वच्छ दिसेल.

मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्या वळल्या. मोठ्या साहेबांच्या टेबलावर उत्सुकतेची एक लांब फुंकर निघाली. तनुजाबाईंनी तर श्वासच धरला, आणि त्यांच्या यंत्राने तेही सांगितलं.

"नको," वृषालीताई म्हणाल्या. "त्यांचं मी ऐकलंय."

मग त्यांनी आपली निवड सांगितली. वातीचा. एकच द्या, दोन टेबलांच्या मधे. बाई म्हणाली की नियम टेबलाला एक असा आहे. वृषालीताई म्हणाल्या की मग टेबलं जोडून घेतो. हेमराजजी तोवर उठून टेबल ढकलायलाही लागले होते, आणि एरवी खुर्ची सरकवायची असली तरी शिपायाची वाट बघणारे ते गृहस्थ होते.

वातीचा डबा मधे ठेवला. वृषालीताईंनी त्यात पाणी ओतलं, वाळ्याची जुडी पिळून झटकली आणि हलकेच आत सोडली. वॉरंटी तिथेही गेली. हेमराजजींनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. धुकं नाही, दिवा नाही, आवाज नाही.

"चालू झालं का?" तनुजाबाईंनी लांबून विचारलं.

ते कळायला कान जवळ न्यावा लागे. एका बाजूने ते वाकले, दुसऱ्या बाजूने त्या, आणि दोघांनी बराच वेळ ऐकलं.